साडेतीन किलोंचे ओझे आणि डोंगराचा उतार

बर्फावरून लांबचे अंतर स्वतःच्या बळावर कापण्याच्या क्रीडाप्रकाराला क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणतात. निव्वळ उतारावरून घसरत येण्याच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये बूट टाचेसह स्कीला जखडलेला असतो. क्रॉस-कंट्रीत मात्र बुटाचा फक्त पुढचा भाग स्कीला जोडलेला असून टाच मोकळी राहते, त्यामुळे सपाटीवर पावले टाकता येतात आणि चढही चढता येतो. चढावर उपकारक ठरणारी ही मोकळी टाच उतारावर स्कीपटूची परीक्षा घेते, आणि तिचे उत्तम उदाहरण म्हणजे नॉर्वेमधील बिर्केबाइनर शर्यत.

या शर्यतीचे मूळ तेराव्या शतकातील यादवीत आहे. १२०६ च्या हिवाळ्यात, गादीचा वारस असलेल्या सुमारे दीड वर्षांच्या हाकोन हाकोनसनला विरोधी बाग्लर पक्षापासून वाचवण्यासाठी तोर्स्टाइन स्केव्ला आणि शेरवाल्ड स्क्रुक्का या दोन योद्ध्यांनी त्याला लिलेहामरहून डोंगर ओलांडून पूर्वेकडील खोऱ्यात नेले. हे योद्धे बिर्केबाइनर पक्षाचे होते. गरिबीमुळे पायांना बर्च झाडाची साल गुंडाळणारे लोक, म्हणून हे नाव पडले. पुढे १२१७ मध्ये तोच बालक राजा झाला. या घटनेच्या स्मरणार्थ १९३२ पासून भरणाऱ्या शर्यतीत प्रत्येक स्पर्धकाला किमान साडेतीन किलोंची पाठपिशवी वाहावी लागते, कारण ते ओझे त्या बाळाचे प्रतीक मानले जाते. स्त्रियांना या शर्यतीत अधिकृत प्रवेश मिळायला १९७६ साल उजाडले.

आजची शर्यत ऐतिहासिक प्रवासाच्या उलट दिशेने, रेना गावापासून लिलेहामरपर्यंत, मार्च महिन्यात होते. सुमारे ५४ किलोमीटरच्या या मार्गावर स्पर्धक आधी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीच्या उघड्या माळांवर चढतात आणि शेवटी श्यूशोएनमार्गे, १९९४ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी उभारलेल्या बिर्केबाइनर क्रीडासंकुलाकडे उतरतात. माथ्यावरचा वारा इतका बेभरवशाचा असतो की २०१४ मध्ये त्यापायी शर्यतच रद्द करावी लागली.

उताराची तयारी खरे तर सुरुवातीच्या रेषेआधीच, मेण लावताना होते. स्की मध्यभागी कमानीसारखी उचललेली असते. एका पायावर पूर्ण भार दिला की कमान दबते आणि मधल्या पट्ट्यावरचे चिकट मेण बर्फाचे कण पकडून पुढे रेटा देते, तर दोन्ही पायांवर भार विभागला की तो पट्टा बर्फापासून अलग राहून स्की घसरते. थंड, ताज्या बर्फाला कडक मेण लागते आणि वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाला क्लिस्टर नावाचा मधासारखा दाट, चिकट लेप लागतो. मेणाचे पातळ थर बुचाच्या ठोकळ्याने घासून एकजीव करताना स्पर्धकाला खोऱ्यातील आणि माथ्यावरील अशा दोन्ही तापमानांचा मेळ घालावा लागतो, कारण मेण कमी पडले तर चढावर पाय मागे सरकतात आणि अती चिकट झाले तर उतारावर स्की अडखळते.

अखेरच्या टप्प्यात यंत्राने कोरलेल्या दोन समांतर खाचांतून, गुडघे वाकवून, काठ्या काखेत दाबून आणि पाठ आडवी करून वेग घेता येतो. वेग आवरायचा असेल तेव्हा एक स्की खाचेबाहेर काढून तिच्या आतल्या कडेवर भार द्यावा लागतो, किंवा दोन्ही स्कींची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवावी लागते. या दुसऱ्या पद्धतीला तिच्या आकारावरून नांगर म्हणतात. परंतु स्की अरुंद आणि धातूच्या धारेविना असतात, पुढे गेलेल्या हजारोंमुळे वळणावरचा बर्फ घासून गुळगुळीत झालेला असतो, आणि तासन्‌तास राबलेल्या मांड्यांना आता ताणले जात असतानाच भार पेलायचा असतो. अशा वेळी पाठपिशवीचे पट्टे सैल राहिले, तर वळणावर पिशवी बाजूला झुकते आणि तेवढ्या हिसक्यानेही तोल जाऊ शकतो.

आपल्या गटातील पहिल्या पाच जणांच्या सरासरी वेळेपेक्षा जास्तीत जास्त २५ टक्के अधिक वेळ घेणाऱ्यांना मानचिन्ह मिळते, आणि त्यासाठी अनेक जण वर्षानुवर्षे झटतात. तथापि शर्यतीचा गाभा पाठीवरच्या त्या वजनात आहे. वाटेत शिदोरी आणि पाणी संपले तरी पिशवी साडेतीन किलोंहून हलकी होता कामा नये, म्हणून अंतिम रेषा ओलांडणाऱ्याने स्वतःच्या देहाबरोबर सोपवलेले ओझेही डोंगरावरून सुखरूप खाली आणलेले असते. १२०६ मधील त्या दोघांवरही नेमकी हीच जबाबदारी होती.