कान देऊन ऐका, बॉस!

जॅझ, सोल, अँबियंट... सगळं खिशातल्या फोनमध्ये हजर आहे. पण ते आपण ऐकतो, की नुसतं लावून ठेवतो?

सकाळी ट्रेनमध्ये कानात इअरबड्स. ऑफिसात एक्सेल शीटच्या जोडीला एखादी ‘चिल’ प्लेलिस्ट. जिममध्ये धडधडणारे बीट्स आणि रात्री झोप यावी म्हणून आणखी काहीतरी. आता सांगा, काल दुपारी नेमकं काय ऐकलंत? नाही ना आठवत? गाणं वाजत होतं, आपणच जागेवर नव्हतो!

अस्सल म्युझिक लव्हर ओळखायचा तो त्याच्याकडच्या गाण्यांच्या आकड्यावरून नाही. कुठली रेकॉर्ड कशी ऐकायची, हे त्याला बरोब्बर कळतं. श्रीखंडावर आमटी ओतून कोणी खात नाही. मग जॅझ, सोल आणि अँबियंट एकाच शफलमध्ये का ढकलायचं? तिघांना आपला कान हवा असतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने.

जॅझ : बसून ऐका
सुरुवात माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून करू या. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत दोनच दिवसांत ही रेकॉर्ड तयार झाली. एक दिवस मार्चमधला, एक एप्रिलमधला. वादकांच्या हातात चालींचे नुसते आराखडे होते. बाकी सगळं तिथल्या तिथे, एकमेकांचं ऐकत वाजवलेलं. म्हणजे रेकॉर्डवर आपण ऐकतो ते त्यांचं वाजवणं आणि त्यांचं ऐकणंही!

‘जॅझ डोक्यावरून जातं’ म्हणणाऱ्यांसाठी एक खूशखबर आहे. पहिल्या ‘सो व्हॉट’ची सुरावट म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. मधल्या भागात षड्ज अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि पुन्हा खाली येतो, बस्स! भराभर बदलणाऱ्या कॉर्ड्समागे धावायचं नाही, एकाच सुरावटीत राहून विस्तार करायचा. हे रागसंगीत नव्हे, पण बैठकीत बसलेल्या कानाला अगदी परकंही नाही.

ऐकायचा फंडा सोपा आहे. पहिल्यांदा फक्त पॉल चेंबर्सचा बास पकडा. दुसऱ्यांदा सोलोंचा क्रम लक्षात घ्या : माइल्सचा ट्रम्पेट, कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन, कॅननबॉल ॲडर्लीचा आल्टो आणि मग बिल इव्हान्सचा पियानो. एकच जागा चौघांना किती वेगळी दिसते, ते तिसऱ्या वेळी आपोआप कळेल.

आणि हो, जॅझ आपल्या शहरालाही नवं नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतून आलेले कृष्णवर्णीय वादक जॅझ वाजवायचे. गोव्याच्या वादकांनी ते आपलंसं केलं. त्यांच्यातलाच ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट पुढे सी. रामचंद्रांच्या साथीला आला. १९५१ च्या ‘अलबेला’वर आजही पाय थिरकतात, त्यात या परंपरेचाही वाटा आहे!

सोल : शब्द ऐका
सोलची गंमत अशी, की ते पहिल्या मिनिटालाच आवडतं. धोका तिथेच आहे. मार्विन गेचं ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ कॅफेत वाजत असेल, तर मखमली आवाज, मस्त ग्रूव्ह, कॉफी आणि गप्पा... सगळं कसं छान! पण तो गातोय कशाबद्दल? व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला सैनिक, बेकारी, ड्रग्ज, नासलेली हवा आणि पाणी. मार्विनचा सख्खा भाऊ त्या युद्धावर जाऊन आला होता. शीर्षकगीताची कल्पना ‘फोर टॉप्स’च्या ओबी बेन्सनला सुचली, ती १९६९ मध्ये बर्कलीत आंदोलकांवर पोलिसांनी केलेला बळाचा वापर पाहून.

मोटाउन कंपनीचा मालक बेरी गॉर्डीला हे गाणं मुळीच पसंत नव्हतं. तरी जानेवारी १९७१ मध्ये सिंगल आलं, तुफान चाललं आणि मे महिन्यात अख्खा अल्बम निघाला. नऊ गाणी, एकात एक मिसळलेली. म्हणून इथे शफल म्हणजे चक्क गुन्हा! हेडफोन लावा आणि मार्विनचे दोन आवाज शोधा. इंजिनिअरकडून चुकून दोन टेक एकत्र वाजले, मार्विनला ते आवडले आणि त्याने ते तसेच ठेवले. एक माणूस स्वतःशीच बोलतोय, असं वाटतं. ज्याने हे फक्त ‘चिल’ म्हणून ऐकलं, त्याच्या कानावरून एका भावाची काळजी नुसतीच निघून गेली.

अँबियंट : सोडून द्या
मग सगळंच असं ताठ बसून ऐकायचं? नाही! ब्रायन इनोने ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) बनवलं तेच खोलीत हवेसारखं राहावं म्हणून. लक्ष दिलंत तर काहीतरी सापडेल, नाही दिलंत तर ते रुसणार नाही. वेगवेगळ्या लांबीच्या टेप लूप्स फिरत राहतात. एक साडेतेवीस सेकंदांची, दुसरी पंचविसाहून थोडी जास्त. त्यामुळे सूर दर वेळी नव्या जागी भेटतात.

पण हे सुचलं कसं, ते ऐका. १९७५ च्या सुरुवातीला अपघात झाल्यामुळे इनो अंथरुणाला खिळला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पची जुन्या वळणाची रेकॉर्ड आणली. ती गेल्यावर त्याने कशीबशी लावली, तर आवाज फारच कमी. उठून वाढवायची ताकद नव्हती. बाहेर पाऊस. सूर आणि पावसाचा आवाज एक झाला आणि त्याला ऐकण्याची नवी रीत सापडली, असं त्याने स्वतः सांगितलंय.

गंमत पाहा. ज्याला आपण बिनधास्त ‘बॅकग्राउंड’ म्हणतो, ते संगीत सुचलं कोणाला? तर ऐकण्यावाचून दुसरं काहीच करता येत नव्हतं अशा माणसाला!

या आठवड्याचं होमवर्क
• सोमवार ते गुरुवार काम करताना अँबियंट, आवाज अगदी कमी. पंख्याचा आवाजही ऐकू यायला हवा.
• शुक्रवारी घरी परतताना ‘व्हॉट्स गोइंग ऑन’, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ३५ मिनिटं. शब्दांकडे लक्ष.
• रविवारी ‘काइंड ऑफ ब्लू’. ४५ मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत, हातात फक्त चहा.
• महिनाभर याच तीन रेकॉर्ड्स. नवीन शोधायची घाई नको.

शुक्रवार आणि रविवार मिळून फक्त ऐंशी मिनिटं होतात. एका हिंदी सिनेमाच्या इंटरव्हलपर्यंतचा वेळ. एवढा तर आपण ‘आता काय लावू?’ म्हणत स्क्रीन सरकवण्यातच घालवतो. या आठवड्यात तो कानांना देऊन बघा!