कळते, पण वळत का नाही?

फवारणी करताना तोंडाला फडके बांधावे, हातमोजे घालावेत, वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये, हे आता कुणाला ठाऊक नाही? शाळेतले पोरगेही सांगेल. तरी हंगामात कुठल्याही धुऱ्यावर उभे राहून पाहा. अनवाणी पाय, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, पाठीवर गळका पंप, आणि दम घ्यायला बसले की त्याच हातावर खर्रा. माहिती आहे, सवय नाही.

याची किंमत आपण मोजलेली आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावे लागले. त्या साली पऱ्हाटी उंच आणि दाट वाढली होती, फवारा थेट तोंडाशी येत होता.

मग इतके होऊनही हात का वळत नाही? पहिले कारण असे, की विळा लागला तर लगेच रक्त येते आणि हात शहाणा होतो. विषाचे तसे नाही. दहा वेळा उघड्या अंगाने फवारले आणि काही झाले नाही, की मन म्हणते, ‘अरे, काही होत नसते!’ पण आतला हिशेब वेगळा असतो. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके शरीरातले कोलिनेस्टरेज नावाचे द्रव्य निकामी करतात. ते भरून यायला कित्येक आठवडे लागू शकतात. जो मजूर रोज नव्या वावरात पंप घेतो, त्याच्या खात्यातून रोज उचल होते, भरणा मात्र होत नाही. मग एके दिवशी तो अचानक कोसळतो आणि लोक म्हणतात, ‘कालपर्यंत तर धडधाकट होता!’

दुसरे कारण आपल्या बोलण्यात आहे. विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. औषध म्हटले की भीती निम्मी होते. डब्यावरचा त्रिकोण पाहत चला. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरातही ‘विष आणले आहे’ असेच म्हणा. लेकरे आपोआप दूर राहतील.

तिसरे कारण चारचौघांची नजर. एकाने हातमोजे घातले की दुसरा हसतो, ‘काय भाऊ, डॉक्टर झाला का?’ त्यात मजुरी पंपामागे ठरली असेल, तर हात धुवायला थांबणे म्हणजे पैसे बुडणे. अशा गड्याला उपदेश करून काय उपयोग?

सवय कशी लागते, यावर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. तो २०१० साली छापून आला. रोज ठरलेल्या प्रसंगी एकच नवे काम करायचे, असा तो प्रयोग होता. ते अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. आता आपला हिशेब करा. मालक हंगामात मोजक्याच फवारण्या करतो. तेवढ्यात सवय कुठून लागणार? म्हणून सवयीची वाट न पाहता आदल्या दिवशी मांडणीच अशी करून ठेवा की हात आपोआप वळेल.

एक, साबण आणि खर्रा एकाच पिशवीत ठेवा, साबण वर. ही पिशवी फवारणीपासून दूर, पाण्याच्या कळशीजवळ झाडाला टांगा. खर्र्याला हात घालण्याआधी साबण हाती येईल. खर्रा सुटला तर सोन्याहून पिवळे! पण दोन सवयी एकदम मोडायला गेलो तर दोन्ही तशाच राहतात. आधी हात धुणे पक्के करू.

दोन, आदल्या संध्याकाळी पंपात साधे पाणी भरून पाहा. झाकण गळत असेल तर वायसर बदला. गळके पाणी पाठीवरून जांघेत उतरते, आणि तिथली कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट जास्त विष शोषते.

तीन, जुना लांब बाह्यांचा सदरा, फुलपँट आणि हातमोजे वेगळ्या खुंटीला ठेवा. उन्हात हे कपडे नकोसे होतात, म्हणून सकाळीच काम आटोपा. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग लेकराला उचला. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

मालकांनो, फवारणीपुरती तरी मजुरी दिवसावर ठरवा आणि हातमोजे तुम्हीच द्या. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीचे अधिकारी, दवंडीपेक्षा तुमच्या वावरातला पहिला पंप अंग झाकून निघू द्या. चार प्रतिष्ठित माणसांनी घातले की हसणारे गप्प होतात.

डोके दुखणे, मळमळ, खूप घाम, लाळ गळणे, अंधुक दिसणे यांपैकी काहीही जाणवले तर काम तिथेच थांबवा. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि घरगुती उपायात वेळ न दवडता दवाखाना गाठा. विषाचा डबा किंवा त्यातले पत्रक सोबत न्या. कोणते विष ते कळले की डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते.

पुढची फवारणी उद्या असेल तर साबणाची पिशवी आज रात्रीच भरून दाराच्या खुंटीला अडकवा. सकाळच्या घाईत ती आठवणार नाही.