काकूंच्या कानातली कानडी

माझ्या थोरल्या काकूंना आवाज ऐकू येत. भांडी घासता घासता त्या थांबत आणि परसातल्या आडाकडे बघून म्हणत, "ब्याड, ब्याड." आमचं घर मराठी, काकूंचं माहेर बैलहोंगलचं. तेव्हा आवाजही माहेरचीच भाषा बोलणार! आजी म्हणे, सोंग करते. शेजारणी म्हणत, बाहेरचं आहे. अंगारे-धुपारे झाले. धारवाडच्या डॉक्टरांकडे न्यायला बारा वर्षं गेली. आजाराचं नाव निघालं स्किझोफ्रेनिया.

ते सोंग नव्हतं, हे मला पटलं ते पुढे वाचनातून. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी 'नेचर'मध्ये एक हकीकत छापली. फिटस् येणाऱ्या, पण मनाचा कोणताही आजार नसलेल्या बावीस वर्षांच्या मुलीची तपासणी चालली होती. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर आणि मागे, बारीक वीजप्रवाह सोडताच तिला आपल्या मागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर ती सावलीही तशीच बसून तिला बिलगली! आमच्या शेजारणींनी याला काय म्हटलं असतं, ते सांगायला नको.

आवाजांचा संबंधही त्याच भागाशी लावला जातो. आपण मनात बोलतो तेव्हा 'हे माझंच' अशी खूण मेंदू ठेवतो. ती खूण चुकली की आपलंच बोलणं परकं वाटतं, असं बरेच संशोधक मानतात. काकूंच्या कानडीचा उलगडा मला इथं झाला.

२०१२ मध्ये फ्रान्सच्या लियाँ शहरात ३० रुग्णांवर प्रयोग झाला. गोळ्या चालू असूनही त्यांचे आवाज थांबत नव्हते. निम्म्यांना डोक्यावरून २ मिलिअँपिअरचा प्रवाह दिला, २० मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. बाकीच्यांना नुसता देखावा. हा शॉक नव्हे. रुग्ण जागा असतो, थोडं चुणचुणतं इतकंच. खरा प्रवाह मिळालेल्यांचा त्रास सरासरी ३१ टक्के घटला. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांना असं यश आलं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही यावर काम झालं आहे. मात्र गोळ्या सोडून याच्या मागे लागू नये.

काकूंचे आवाज गोळ्यांनी कमी झाले, गेले नाहीत. आवाज काय सांगतो, हे घरात कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं, तेही प्राध्यापक झाल्यावर.

"आडात उडी टाक म्हणतो," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या. "मी नको म्हणते."