हॉलंडमधील डॉक्टरेटचें संशोधन

पारोळ्यासारख्या गांवांतील सुशिक्षित कुटुंबांत मुलगा वा मुलगी एम. एस्सी. होतांच पुढील अभ्यासाचा विचार सुरू होतो; आणि परदेशाचें नांव निघालें कीं शेत विकावें कीं कर्ज काढावें, या चिंतेंतच तें बोलणें संपतें. ही चिंता पुष्कळदा यथार्थ असते. परंतु हॉलंडमध्यें, म्हणजेच नेदरलँड्समध्यें, डॉक्टरेटच्या संशोधनाची रीत निराळी आहे.

तेथें संशोधक हा बहुधा फी भरणारा विद्यार्थी नसून विद्यापीठाचा पगारी सेवक असतो. जागा निघते, जाहिरात प्रसिद्ध होते, आणि अर्ज व मुलाखत यांवरून निवड होते. मुदत सामान्यतः ४ वर्षांची असते. पहिल्या वर्षाच्या सुमारास कामाची पारख होऊन तें पुढें चालवावयाचें कीं नाहीं, हें ठरतें. प्रश्न बहुधा आधींच नेमलेला असतो. म्हणून 'संशोधनाची आवड आहे' एवढें लिहून भागत नाहीं; त्या विशिष्ट प्रश्नासाठीं आपली तयारी काय, हें दाखवावें लागतें. कांहीं जागा शिष्यवृत्तीच्या असतात, तर कांहीं संशोधक स्वतःच्या खर्चानेंहि काम करतात. तेव्हां जाहिरातींत पगाराचा मजकूर प्रथम वाचावा.

क्षेत्रें विविध आहेत. लायडेनचें विद्यापीठ १५७५ सालचें. तेथेंच १९०८ सालीं कामर्लिंग ऑन्नेस यांनीं हेलियम वायु प्रथम द्रवरूप केला. वागेनिंगेन हें शेतीचें विद्यापीठ. केळीचीं झाडें वाळविणाऱ्या पनामा रोगावर तेथें संशोधन चालतें. २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगांवच्या केळीला तो विषय परका नाहीं. डेल्फ्ट येथें पाण्याच्या शिक्षणाची स्वतंत्र संस्था १९५७ पासून आहे. तामसवाडीच्या धरणाकडे पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याला पाणीवाटपाचा प्रश्न पुस्तकांतून शिकावा लागत नाहीं. संस्कृताचीहि तेथें जुनी परंपरा आहे. डॉ. लोकेशचंद्र यांनीं १९५० सालीं उट्रेख्त येथें प्रा. यान खोंडा यांच्या मार्गदर्शनाखालीं जैमिनीय ब्राह्मणावर डॉक्टरेट मिळविली. तें संपादन त्याच वर्षीं नागपूर येथें प्रसिद्ध झालें.

प्रबंधाची अखेरची परीक्षा जाहीर असते. उमेदवाराच्या बाजूस दोन साथीदार उभे असतात, आप्तेष्ट समोर बसतात आणि प्राध्यापक प्रश्न विचारतात. ठरलेली वेळ संपतांच दंडधारी अधिकारी येऊन लॅटिन भाषेंत 'होरा एस्ट', म्हणजे 'वेळ झाली', असें पुकारतो. ही 'होरा' आणि आपल्या ज्योतिषांतील 'होरा' एकाच ग्रीक शब्दापासून निघाल्या आहेत.

अर्थात् एकेका जागेसाठीं देशोदेशींचे अर्ज येतात, व निवड दुर्लभच असते. मास्टरच्या पदवीचा प्रबंध कसोशीनें लिहिणें, इंग्रजी लेखन नीटनेटकें करणें आणि ज्यांच्या हाताखालीं काम करावयाचें त्या प्राध्यापकांचे लेख आधीं वाचणें, हीच खरी पूर्वतयारी होय. तिला पैसा थोडा लागतो. वर्ष दोन वर्षांची चिकाटी मात्र पुष्कळ लागते. घरच्या मंडळींनीं शेताच्या किमतीचा हिशेब मांडण्यापूर्वीं या तयारीसाठीं मुलाला अथवा मुलीला अवसर द्यावा, हें अधिक श्रेयस्कर.