संसाराचे व्याकरण : तक्रार, अबोला आणि जाण

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :
• पतिपत्नींच्या दैनंदिन संवादातील तक्रारीची भाषिक रचना ओळखता येईल.
• 'आपण', 'तू', 'तुम्ही', 'तुमच्याकडे' या रूपांतून नात्यातील अंतर कसे व्यक्त होते, ते स्पष्ट करता येईल.
• 'आभार' हा शब्द न वापरता मराठी भाषक घरात कृतज्ञता कशी व्यक्त करतात, ते उदाहरणांनी सांगता येईल.
• कौटुंबिक संवादाच्या भाषिक विश्लेषणाची मर्यादा लक्षात येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मागील घटकात आपण 'भाषिक कृती' ही संकल्पना अभ्यासली. बोलणे म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे. बोलणे ही स्वतःच एक कृती असते, हा विचार जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून रूढ झाला. आश्वासन देणे, ताकीद देणे, क्षमा मागणे या सर्व कृती आपण शब्दांनीच करतो. या घटकात तीच संकल्पना आपण घराच्या उंबरठ्याच्या आत नेणार आहोत.

भाषेच्या अभ्यासासाठी नमुने दूरून गोळा करावे लागतात, असा एक समज असतो. तुमच्यापैकी कित्येक जण नोकरी आणि संसार सांभाळून ही पुस्तिका वाचत आहेत. तुमच्या स्वयंपाकघरात रोज जे बोलले जाते, ती भाषावैज्ञानिकाच्या दृष्टीने अव्वल दर्जाची सामग्री आहे. 'घरोघरी मातीच्या चुली' किंवा 'भांड्याला भांडे लागणारच' असे म्हणून आपण घरातील भांडणाचा विषय मिटवतो. अशा म्हणींनी दिलासा मिळतो, पण भांडे भांड्याला नेमके कोठे लागले, हे कळत नाही. ते कळण्यासाठी वाक्यांकडे पाहावे लागते.

७.२ तक्रारीचा प्रवास : घटना, सवय, घराणे

पुढील संवाद वाचा. तो उदाहरणादाखल रचलेला आहे. परंतु तो तुम्हाला परका वाटणार नाही. लग्नाला पंधरा वर्षे झालेले एक मध्यमवर्गीय जोडपे आहे. पती कार्यालयात नोकरी करतो. पत्नी खासगी शिकवण्या घेते आणि मुक्त विद्यापीठाच्या पदवी परीक्षेची तयारी करते. विजेचे बिल भरण्याची मुदत उलटून गेली आहे.

तो : बिल भरायचं राहिलं?
ती : मी एकटीनेच सगळं लक्षात ठेवायचं का?
तो : तुझ्या काही लक्षातच राहत नाही.
ती : तुमच्याकडे बायकांनीच सगळं बघायची पद्धत आहे ना!
तो : आता माझ्या घरच्यांना मध्ये आणू नकोस.

पाच वाक्यांत हे जोडपे विजेच्या बिलापासून घराण्यापर्यंत पोहोचले. हा प्रवास कसा झाला, ते पायरीपायरीने पाहू.

पहिले वाक्य पाहा. 'बिल भरायचं राहिलं?' यात कर्ता नाही. बिल कोणी भरायचे होते, हे वाक्य सांगत नाही. वरवर पाहता हा निरुपद्रवी प्रश्न आहे. परंतु त्या घरात बिले भरण्याचे काम पत्नीकडे असल्यामुळे कर्त्याच्या रिकाम्या जागी तिला स्वतःचेच नाव ऐकू येते. विचारणाऱ्याला वाटते, आपण केवळ विचारले. ऐकणारीला वाटते, आपल्यावर ठपका आला. दोघांचेही म्हणणे खरे असते.

तिसऱ्या वाक्यात क्रियापदाचे रूप बदलते. 'काल तुझ्या लक्षात राहिलं नाही' हा भूतकाळ एका घटनेविषयी बोलतो. 'तुझ्या लक्षातच राहत नाही' हा रीतिवाचक वर्तमानकाळ सवयीविषयी बोलतो. त्यात 'काही' आणि 'च' यांची भर पडली, की ती सवय अपवादरहित होते. घटनेबद्दल 'चुकलं माझं' असे उत्तर देता येते. सवयीच्या आरोपाला तसे उत्तर देता येत नाही, कारण एका चुकीची कबुली म्हणजे साऱ्या स्वभावाची कबुली ठरते. म्हणूनच अशा वाक्याला उत्तर म्हणून बहुधा प्रत्यारोप येतो. 'नेहमी', 'कधीच', 'दरवेळी' ही क्रियाविशेषणे हेच काम करतात.

चौथ्या वाक्यात 'तुमच्याकडे' हे रूप येते. येथे 'तुम्ही' हे पतीसाठी वापरलेले आदरार्थी बहुवचन राहिले नाही. ते खरोखरचे अनेकवचन झाले आणि त्यात सासूबाई, नणंदा, दिवंगत आजेसासरे असे सारे येऊन बसले. एका व्यक्तीशी सुरू झालेला वाद आता एका कुळाशी सुरू झाला आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
पुढील वाक्यांपैकी घटना सांगणारे, सवय सांगणारे आणि स्वभाव सांगणारे वाक्य कोणते, ते ओळखा : (अ) 'तू असाच आहेस.' (आ) 'तू दिवा बंद केला नाहीस.' (इ) 'तू दिवा बंद करतच नाहीस.'

७.३ अबोला आणि 'आपण'चा लोप

भांडणानंतर पुष्कळदा शब्द थांबतात, पण संवाद थांबत नाही. मराठीत त्यासाठी 'अबोला' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि तो 'धरला' जातो. म्हणजे न बोलणे हीसुद्धा एक कृती आहे, हे मराठी भाषकांनी शब्दातच नोंदवून ठेवले आहे. कुरबूर, धुसफूस, खटका, टोमणा, आदळआपट, रुसवा, अबोला या शब्दांतील छटा वेगवेगळ्या आहेत. 'धुसफुशी'त राग दाबलेला असतो; 'आदळआपटी'त तो भांड्यांच्या तोंडून बोलतो. 'रुसव्या'त समोरच्याने समजूत काढावी ही अपेक्षा असते. अबोला लांबला की ती अपेक्षाही मावळू लागते.

अबोल्यात निरोप तिसऱ्याकरवी जातो. 'बाबांना सांग, पानं घेतली आहेत.' बाबा तीन हातांवर बसलेले असतात. वाक्य मुलीला उद्देशून असते, श्रोता मात्र वेगळा असतो. येथे पतीचे स्थान मध्यमपुरुषातून तृतीयपुरुषात गेले. मात्र पाने घेतली गेली आहेत, हेही विसरता कामा नये.

याहून सूक्ष्म बदल 'आपण' या सर्वनामात घडतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. 'आम्ही' ऐकणाऱ्याला वगळते. 'आपण' ऐकणाऱ्याला सामावून घेते. इंग्रजीला हा भेद सर्वनामात करता येत नाही. सुरळीत चाललेल्या संसारात 'आपण' सहज येते : 'आपलं घर', 'आपण रविवारी जाऊ', 'आपली मुलगी'. ताण वाढला की तेच घर 'तुमचं घर' होते. आणि गुण कमी पडले की 'आपली मुलगी' 'तुझी मुलगी' होते. वरचा संवाद पुन्हा वाचा. त्या पाच वाक्यांत 'आपण' एकदाही आलेले नाही.

संबोधनांचाही येथे विचार करावा. 'अरे' आणि 'अगं' ही एकेरी संबोधने लिंगानुसार बदलतात. 'अहो' हे आदरार्थी संबोधन स्त्रीपुरुष दोघांसाठी एकच आहे. परंपरागत घरात पत्नी पतीला 'अहो' म्हणते आणि पती पत्नीला 'अगं' म्हणतो. ही विषमता व्याकरणाने सक्तीची केलेली नाही. ती समाजाने केलेली निवड आहे. आज पुष्कळ जोडपी एकमेकांना नावाने हाक मारतात. अशा घरात एखाद्या दिवशी अचानक 'तुम्ही' ऐकू आले, तर तो आदर नसून दुरावा असतो, हे ऐकणाऱ्याला लगेच उमगते.

७.४ कर्त्याची परतफेड : 'जाण' व्यक्त करण्याच्या रीती

'आभार', 'धन्यवाद' हे शब्द मराठी घरात सहसा वावरत नाहीत. ते सभेत, पत्रात, व्यासपीठावर शोभतात. घरात कोणी 'फार उपकार झाले!' म्हणाले, तर तो टोमणाच समजावा. यावरून मराठी माणूस घरात कृतघ्न असतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे कृतज्ञतेसाठी 'जाण' हा शब्द आहे आणि तो 'जाणणे' या क्रियापदाशी निगडित आहे. कोणी आपल्यासाठी काय केले, हे ठाऊक असणे आणि ते ठाऊक असल्याचे दाखवणे, म्हणजे जाण.

आता घरकामाविषयी आपण रोज कसे बोलतो, ते आठवा. 'चहा झाला का?' 'डबा झाला का?' 'कपडे वाळले का?' या वाक्यांत चहा आपोआप होतो आणि डबा आपोआप भरतो. 'होणे' या अकर्मक क्रियापदाने काम करणारी व्यक्ती वाक्यातून नाहीशी केलेली असते. अशी वाक्ये मुळात वाईट नसतात. सलगीच्या नात्यात ती सोयीची असतात. परंतु वर्षानुवर्षे काम करणाऱ्याचा उल्लेख एकाही वाक्यात आला नाही, तर ते काम घरातल्या हवेप्रमाणे गृहीत धरले जाते.

त्याच जोडप्याचा दोन दिवसांनंतरचा संवाद पाहा.

तो : आज डब्याला थालीपीठ करून दिलंस. उठलीस कधी?
ती : साडेचारला. वाचायचंही होतं. पेपर जवळ आलाय.
तो : मग उद्यापासून डब्याचं मी बघतो. तू वाच.
ती : तुम्हाला जमेल?
तो : पोळ्या नाही जमणार. भाजी जमेल. पोळ्या आपण विकत आणू.
ती : बिलाची तारीखही आपण कालनिर्णयवर लिहून ठेवू.

या संवादात क्षमायाचना नाही आणि आभारही नाहीत. तरीही समेट झाला आहे. तो कोणत्या भाषिक साधनांनी झाला?

पहिले साधन म्हणजे 'करून देणे' हे संयुक्त क्रियापद. 'डबा केला' आणि 'डबा करून दिला' यांत वस्तुस्थिती एकच आहे. परंतु 'देणे' हे सहायक क्रियापद ती क्रिया दुसऱ्याच्या हितासाठी झाली, हे सांगते. बोलणारा येथे स्वतःला लाभार्थी म्हणून मान्य करतो.

दुसरे साधन म्हणजे 'दिलंस' मधील शेवटचा 'स'. भूतकाळी सकर्मक क्रियापद थालीपिठाप्रमाणे नपुंसकलिंगी झाले असले, तरी हा 'स' 'हे तू केलेस' असे सांगतो. एका अक्षराने कर्ता वाक्यात परत आला.

तिसरे साधन म्हणजे प्रश्न. 'उठलीस कधी?' या प्रश्नाने डब्यामागची पहाट दृष्टीस आली. 'दमलीस का?', 'जेवलात का?' हे प्रश्नही माहितीसाठी क्वचितच असतात. पाहुण्यांसमोर, पत्नीला ऐकू जाईल अशा बेताने, 'हिच्यामुळे आईचं दुखणं निभावलं' असे सांगणे, हाही त्याच जातीचा आडवाटेचा गौरव आहे. अडचण इतकीच, की आडवाटेने पाठवलेली गोष्ट पोहोचलीच आहे, असे गृहीत धरता येत नाही.

शेवटच्या दोन वाक्यांत 'आपण' परतले आहे. प्रथम पतीच्या तोंडी आणि लगेच पत्नीच्या तोंडी. समेट झाल्याची ही सर्वांत विश्वासार्ह खूण होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
'भाजी झाली', 'तू भाजी केलीस', 'तू मला भाजी करून दिलीस' या तीन वाक्यांतील फरक कर्ता आणि लाभार्थी यांच्या आधारे सांगा.

७.५ एक साहित्यिक साक्ष

लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह १८८० मध्ये झाला. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यानंतर काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे राहावयास गेल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. विजेच्या बिलावरून झालेल्या भांडणाशी या दुराव्याची तुलना होऊ शकत नाही. परंतु भाषेच्या दृष्टीने या ग्रंथात आपल्या उपयोगाचे पुष्कळ आहे.

पतीचे नाव घ्यायचे ते उखाण्यात, एरवी नाही, अशी रीत असलेल्या काळात लक्ष्मीबाईंचे लहानपण गेले. तरीही आत्मचरित्रात त्या पतीचा उल्लेख 'टिळक' असा थेट करतात आणि स्वतःसाठी ठणठणीत 'मी' वापरतात. टिळकांचा लहरीपणा, औदार्य, राग आणि स्वतःचा हट्ट यांच्या हकिकती त्या प्रसंगांनिशी सांगतात. त्यांची तक्रार बहुधा घटनेच्या पायरीवर थांबते, आणि म्हणून तिच्याशेजारी विनोदाला व मायेला जागा उरते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपूर्ण होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

७.६ विश्लेषणाची मर्यादा

येथे एक इशारा आवश्यक आहे. भाषा बदलली की संसार सुधारतो, असा या घटकाचा दावा नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ मधील वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. 'करून दिलंस' म्हटल्याने ही २९९ मिनिटे कमी होत नाहीत. वरील संवादात समेट टिकण्याची शक्यता निर्माण झाली, ती 'उद्यापासून डब्याचं मी बघतो' या वाक्यामुळे. जाणिवेच्या पाठोपाठ कामाची वाटणी आली नाही, तर गोड शब्दही काही दिवसांनी टोमण्यासारखे ऐकू येतात.

दुसरे असे, की कुरबूर आणि छळ यांत मूलभूत भेद आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने शाब्दिक आणि भावनिक छळालाही हिंसाचारात गणले आहे. सतत अपमान, धमकी, दहशत यांना 'भांड्याला भांडे लागणे' म्हणणे हा भाषेचा गैरवापर होय. तेथे समजुतीच्या शब्दांची नव्हे, संरक्षणाची आवश्यकता असते.

७.७ सारांश

तक्रार घटनेवरून सवयीवर आणि सवयीवरून घराण्यावर गेली, की तिला उत्तर देणे अशक्य होत जाते. ताण वाढतो तेव्हा 'आपण' मागे पडते आणि 'तुम्ही', 'तुमच्याकडे' पुढे येतात. घरातील कृतज्ञता 'आभार' या शब्दातून सहसा व्यक्त होत नाही. कर्त्याला वाक्यात परत आणणारी क्रियापदे, विचारपूस करणारे प्रश्न आणि परतलेले 'आपण' यांतून ती व्यक्त होते. शब्दांतील जाण कृतीत उतरली, तरच ती टिकते.

स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) स्वभाव, (आ) घटना, (इ) सवय.
२. पहिल्या वाक्यात कर्ता व लाभार्थी दोन्ही नाहीत. दुसऱ्यात कर्ता आहे. तिसऱ्यात दोन्ही आहेत.

स्वाध्याय

१. 'अबोला हीसुद्धा भाषिक कृती आहे' या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. तुमच्या बोलीत पतिपत्नी एकमेकांना कोणत्या संबोधनांनी हाक मारतात? दोन पिढ्यांतील फरक नोंदवा.
३. एक दिवस स्वतःच्या घरातील कर्ताविरहित वाक्ये वहीत लिहून ठेवा. रात्री त्यांपैकी पाच वाक्यांत कर्ता घालून ती पुन्हा लिहा. शक्य झाल्यास त्यांतील एक वाक्य त्या कर्त्याला ऐकवा आणि काय उत्तर आले, तेही नोंदवा.