व्लतावा : डोळ्यांनीही ऐकायची नदी

ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गणपतीतला मांडव, चमकणारे कोट आणि जुनी हिंदी गाणी येतात. सिंफनी ऑर्केस्ट्रा ही त्याहून वेगळी भानगड आहे. साठ-सत्तर-ऐंशी वादक, समोर कंडक्टर, आणि बहुतेक वेळा माइकसुद्धा नाही! लाकूड, तार, पितळ आणि माणसाचा श्वास यांतून जो आवाज निघेल तो थेट आपल्या कानात.

अशा मैफलीला पहिल्यांदाच जायचं असेल, तर चाळीस मिनिटांच्या सिंफनीपेक्षा 'टोन पोएम'ने सुरुवात करावी असं माझं मत आहे. टोन पोएम म्हणजे शब्द नसलेलं, पण एखादी गोष्ट किंवा चित्र मनात ठेवून रचलेलं संगीत. त्यातलं फार लोकप्रिय नाव म्हणजे बेदरिख स्मेताना या चेक संगीतकाराचं 'व्लतावा'. जेमतेम बारा-तेरा मिनिटांचा मामला.

व्लतावा ही प्रागमधून वाहणारी नदी. ती उगमापासून प्रागपर्यंत कशी येते, ते या रचनेत आहे. १८७४ च्या ऑक्टोबरात स्मेतानाला दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर या एकोणीस दिवसांत त्याने 'व्लतावा' लिहून काढलं. म्हणजे आज जगभर वाजणारी ही नदी तिच्या कर्त्याने कधी कानांनी ऐकलीच नाही.

आता मुद्द्याचं. मोबाइलवर फुकट ऐकायला मिळत असताना तिकीट काढून जायचं कशाला? याचं उत्तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच मिळतं. सुरुवातीला बासरीवर खळाळतं पाणी ऐकू येतं, अखंड, कुठेही न थांबता. हेडफोनवर वाटतं, एकच वादक वाजवतोय. हॉलमध्ये बघितलं की कळतं, दोघे आहेत! एकाचा तुकडा संपतो तिथे दुसरा उचलतो, तो थांबेपर्यंत पहिला श्वास घेऊन तयार. वर्कशॉपमध्ये शिफ्ट बदलताना मशीन बंद पडू नये, तसला प्रकार. मध्येच व्हायोलिनवाले बोटाने तार छेडतात आणि हार्पचा एखादा थेंब पडतो. मग क्लॅरिनेट येतात. हा दुसरा झरा. कारण ही नदी खरोखरच थंड व्लतावा आणि उष्ण व्लतावा अशा दोन प्रवाहांची बनते. पाणी वाढत वाढत तंतुवाद्यांकडे जातं, सगळ्यांचे गज एकदम एका दिशेने फिरू लागतात आणि ती प्रसिद्ध धून सुरू होते. एका माणसाच्या फुंकरीतून एवढी मोठी नदी कशी झाली, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

म्हणून तिकीट घेताना पहिल्या रांगेचा हट्ट नको. तिथून फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात. बासरीवाले मागे बसतात. बाल्कनीतून ते नीट दिसतात, आणि ती सीट बहुधा स्वस्तही असते.

पुढे काठावर शिकारीची शिंगं वाजतात, गावातल्या लग्नात पोल्का नाच होतो. मग चांदणं. इथे आवाज इतका बारीक होतो की होस्टेलच्या रूमवर पंख्याच्या घरघरीत तो सापडतच नाही. आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि लगेच पुढचा खडकाळ प्रपात कानफटात बसतो! हॉलमध्ये मात्र हजार माणसं गप्प असतात, त्यामुळे हे सगळं अंतर कान आपोआप पेलतात.

सिव्हिलवाल्यांसाठी खास : तो प्रपात, म्हणजे सेंट जॉनचे धबधबे, आता नदीवर बघायला मिळत नाही. १९४० च्या दशकातलं श्टेखोविट्स आणि १९५० च्या दशकातलं स्लापी या धरणांच्या जलाशयांत तो बुडाला. झांजा, ढोल आणि पितळी वाद्यांत तेवढा शिल्लक आहे.

'व्लतावा' हा 'मा व्लास्त', म्हणजे 'माझा देश', या सहा रचनांच्या मालिकेतला दुसरा भाग. प्रागचा 'प्राग स्प्रिंग' महोत्सव १२ मे रोजी, स्मेतानाच्या पुण्यतिथीला, याच मालिकेने सुरू होतो. कम्युनिस्ट सत्ता आल्यावर १९४८ मध्ये देश सोडून गेलेला कंडक्टर रफाएल कुबेलिक, ती सत्ता गेल्यावर १९९० च्या महोत्सवात हीच मालिका वाजवायला ४२ वर्षांनी परत आला. त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे, जरूर ऐका. पूर्ण मालिका ऐकायला मिळाली तर आणखी एक मजा : पहिल्या भागाच्या सुरुवातीला हार्पवर येणारी व्हिशेह्राद किल्ल्याची सुरावट, नदी प्रागला पोचते तेव्हा पूर्ण वाद्यवृंदातून दणक्यात परत येते.

प्राग लांब आहे, पण मुंबई नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. त्यांचे कार्यक्रम जमशेद भाभा थिएटरात होतात. सीझन जाहीर झाला की यादीत टोन पोएम आहे का ते बघून ठेवा, स्मेताना नसला तरी चालेल.

आणि टाळीचं तेवढं सांभाळा. शेवटी नदी प्राग ओलांडून दूर जाते, व्हायोलिन विरत विरत जवळजवळ ऐकू येईनाशी होतात. नवखा माणूस इथेच हात वर करतो. थांबा, अजून दोन जोरदार ठोके बाकी आहेत.