मिश्री, सुपारी आणि तोंडाचें आरोग्य

आमच्या लहानपणीं पुण्याच्या पेठांतील वाड्यांतून सकाळीं एक ठसकेबाज वास दरवळत असे. तंबाखू तव्यावर काळी होईतों भाजावी, तिची पूड करावी व ती बोटानें हिरड्यांस चोळीत बसावें, हा कित्येक बायकांचा नित्यक्रम. हीच मिश्री. तिची गणना व्यसनांत नव्हे, दंतमंजनांत होई. आणि सारा घात झाला तो याच समजुतीनें.

डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनीं पुणे जिल्ह्यांतील १,०१,७६१ ग्रामस्थांचीं तोंडें तपासून १९७२ सालीं पाहणी प्रसिद्ध केली. त्या पाहणींत स्त्रियांपैकीं सुमारें शेकडा ३९ मिश्री लावणाऱ्या निघाल्या. पुरुषांत शेकडा एकहि नाहीं! दाढेचा ठणका मिश्रीनें घटकाभर बधिर होतो, म्हणून दंतवैद्याकडे जाणें लांबतें. दांत किडत राहतो, मिश्री वाढत जाते, आणि तंबाखूंतील कर्करोगकारक द्रव्यें गालाच्या आंतल्या नाजुक त्वचेंत रोज मुरतात. अस्वच्छ तोंड, सुजलेल्या हिरड्या व पडलेले दांत यांचाहि या रोगाशीं संबंध संशोधकांस आढळला आहे. परंतु तंबाखूच्या मानानें तो दुय्यम. नुसते दांत घांसून तंबाखूचा दोष धुतला जात नाहीं. तिला मद्याची जोड मिळाली, कीं धोका बेरजेनें नव्हे, गुणाकारानें वाढतो, असें आम्ही गणित शिकविणारे म्हणूं.

‘आम्ही तंबाखू खात नाहीं, केवळ सुपारी,’ असें सुशिक्षित स्नेही अभिमानानें सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा २००४ सालीं दिला आहे. तिनें गाल आंतून ताठर होऊन तोंड उघडेनासें होतें. महाराष्ट्रांत २०१२ सालीं गुटख्यास बंदी झाली. जेवणानंतर पाहुण्यांपुढें येणाऱ्या तबकांतल्या साध्या सुपारीस अर्थातच नाहीं.

आठ-पंधरा दिवसांनीं चांगल्या उजेडांत आरशासमोर उभें राहून गाल ओढून पाहावे, जीभ उचलून तिच्या कडा व खालचा भाग न्याहाळावा. पांढरा किंवा तांबडा चट्टा, गांठ, अथवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला, तर तो दुखत नसला तरी डॉक्टरांस दाखवावा.

‘दुखत नाहीं, मग कशाला?’ असें म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनें गालांतला पांढरा चट्टा दोन वर्षें अंगावर काढला. शस्त्रक्रिया होऊन आक्का वाचली. भाकरी मात्र तिला अजून दुधांत कुसकरूनच खावी लागते.